तिसऱ्या ओळीतले पंखे

चि. धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. (तुझ्या वहिनीचेही आहेत, आणि ते माझ्यापेक्षा जास्त आहेत असं लिहायला तिने बजावलं आहे.) तुझा गुडघा आता कसा आहे? सौभाग्यवतींचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक आहे आणि वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्ये बोलतोस, म्हणून.

वहिनीचा जुना कॉम्प्युटर गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला आणि येत्या सोमवारपासून तिची भूगोलाची शिकवणी सुरू व्हायची आहे, घरबसल्या, पडद्यावरून. बारा मुलं आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती पहिल्यांदाच सकाळी गुणगुणत उठायला लागली होती. तिचं म्हणणं, तयार कॉम्प्युटर आणू. मी म्हटलं, ज्या घरात चाळीस वर्षं सुतारकाम झालं तिथे पत्र्याचा डबा येणार नाही. सुटे भाग मी निवडीन आणि पेटी मी करीन. त्यावर तू, बँकेतले कॉम्प्युटर दुरुस्त करतोस या अधिकारात, न मागता एक यादी पाठवलीस. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतंस, पंखे तीन, पेटीला जाळी, हे विसरू नकोस. अरे, आमच्या सबंध घरात पंखे दोन आहेत. एका पेटीला तीन लागत असतील तर ती पेटी नव्हे, रुसलेला जावई म्हणायचा. मी यादीच्या चार घड्या केल्या आणि ती स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फटीत घातली. ती खिडकी वाऱ्याने खडखडायची, ती थांबली. यादीचा एवढा उपयोग झाला हे मोकळ्या मनाने कबूल करतो.

मग दुकानं हिंडलो. पहिल्या दुकानात प्रत्येक वस्तूत दिवे होते, लाल, निळे, हिरवे. विक्रेत्याच्या एका कानात गाणी ऐकायचं बोंडूक होतं, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा, पण तोही फारसा चालत नसावा. गेम खेळायला हवाय का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, भूगोल शिकवायला. तर म्हणाला, मग ही रॅम घ्या, हिच्यात दिवे आहेत. बंद लाकडी पेटीच्या आत दिवे कोणासाठी लावायचे? मदरबोर्डची लांबी-रुंदी विचारली तर त्याला सांगता येईना. आपण विकतो तो माल किती लांब आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बाबांनी वखारीच्या दारात उभं केलं नसतं. शेवटी मी खिशातून टेप काढून स्वतःच मापं घेतली. त्याने माझा फोटो काढला.

वर राहणारे सर्वज्ञ तुला आठवत असतील. (विमा कंपनीतून निवृत्त, आयुष्यात पाकिटाखेरीज काही उघडलेलं नाही, पण व्हिडिओ बघतात.) त्यांनी जिन्यात गाठून अर्धा तास सांगितलं की प्रोसेसर पुढची वीस वर्षं पुरेल असाच घ्या. स्वतः एकोणऐंशीचे आहेत. मी मान डोलावली आणि मला हवा तोच घेतला.

माझी पद्धत सरळ होती. आधी पेटी, मग पेटीत बसतील ते भाग. वहिनीच्या टेबलाखालच्या कोनाड्याचं माप घेतलं, जुन्या दाराच्या फळ्या काढल्या आणि पेटी केली. एक खिळा नाही. झाकण असं बसतं की कडेने कागद सरकत नाही, सूतभर फट नाही. ग्राफिक्स कार्ड मात्र बोटभर लांब निघालं. त्याच्या कडेला रंधा मारावा असं क्षणभर मनात आलं. मारला नाही, हे नोंदवून ठेवतो. परत करायला गेलो तर तो बोंडूकवाला म्हणाला, भूगोलाला हे लागतच नाही. आधी सांगायला काय झालं होतं, तोंडातही बोंडूक होतं का? सर्वज्ञ पेटी बघायला आले आणि हिला हवा कुठून मिळणार, म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, आत कोंबडी ठेवायची नाहीये.

पुस्तिका बघून सगळं जोडलं, बटण दाबलं आणि पहिल्या फटक्यात चालू झालं. वहिनी हसली. ते हसू बघून मला तुझी आठवण झाली, म्हणजे तू बघायला नाहीस याची. काल, मंगळवारी, तिने तालीम म्हणून दोन जुन्या विद्यार्थिनींना पडद्यावर बसवलं. धडा होता वारे का वाहतात. मी बाजूच्या स्टुलावर, पेटीवर हात ठेवून. वहिनी रंगात आली होती. गरम झालेली हवा वर जाते, तिला निघायला वाट लागते, आणि वाट नसेल तर, एवढं ती म्हणाली आणि पडदा काळा झाला. अकरावं मिनिट होतं. पेटी तव्यासारखी तापली होती. थंड झाल्यावर पुन्हा लावली, पुन्हा अकरा मिनिटं. वहिनी काहीच बोलली नाही. चौतीस वर्षांत तिने मला असंख्य गोष्टी ऐकवल्या, त्यातली एकही मला एवढी लागली नव्हती.

असो. भाग हलके निघतात, दुकानदार अडाणी असतात, आपण काय करणार. माझं काही मागणं नाही. उत्तराची घाई करू नकोस.

तुझा,
थोरला

ता. क. तुझी यादी खिडकीतून काढली. तिसरी ओळ अजून वाचता येते.

ता. क. २. लिहायचं होतं ते हे. पेटीला भोकं पाडायला हवीत. पेन्सिलीने बत्तीस खुणा केल्या आहेत. सकाळपासून दोनदा ड्रिल टेकवलं, पण माझ्या हाताने होत नाही. तू नऊ वर्षांचा असताना गिऱ्हाइकाच्या टेबलाला आरपार भोक पाडलंस, तेव्हापासून बाबांनी तुला ड्रिलला हात लावू दिला नाही. मी हसलो होतो. बाबा गेल्यावर मीही कधी लावू दिला नाही, ते माझं चुकलं. ड्रिलच्या पात्याला धार लावून ठेवली आहे. सोमवारच्या आत ये आणि तू पाड. मी तेवढा वेळ बाजारात जाऊन बसेन. माझ्या हट्टापायी तिची शिकवणी बुडाली तर मला तोंड लपवायला जागा नाही, घर दोनच खोल्यांचं आहे.

ता. क. ३. वहिनीने आत्ता हे वाचलं. ती म्हणते, तिने कालच बाराव्या मिनिटाला तुला निरोप पाठवला आणि तू शनिवारी येतो आहेस. शिवाय तीन पंखे आणि जाळी तू महिन्यापूर्वीच घेऊन ठेवली आहेस, मला न सांगता. बरं. पाकिटाला तिकीट लावून झालं आहे म्हणून पत्र पाठवतो, एरवी फाडलं असतं. खिडकी पुन्हा खडखडायला लागली आहे. येताना आणखी एक यादी लिहून आण, जरा जाड कागदावर.