तीन गंजांची कल्हई

सिंदी मेघे,
ता. २२ मार्च १९९९

आदरणीय ताईस,
चिंधूचा सविनय जयभीम. वि. वि.

काल रविवारी पहाटे वंदना आटोपून मी विहाराच्या अंगणात खड्डा खणला, कोळसा पेटवला आणि स्वयंपाकाच्या तिन्ही पितळी गंजांना स्वतःच्या हाताने कल्हई केली. एकेका गंजात शंभर माणसांचं वरण शिजतं, हे तू पाहिलं आहेस. कल्हईवाला आता या बाजूला फिरकत नाही, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीचं जेवण त्यांतच रांधायचं. लहानपणी मी कल्हईवाल्याचा भाता ओढून देत असे, ते हाताला आठवत गेलं. गंज तापला की नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची, कापसाने पुसत जायचं.

कथील मात्र मी विकत आणलं नाही. गेल्या महिन्यात एका कचेरीच्या लिलावात जुन्या टेलिफोन यंत्रांच्या सर्किटच्या प्लेटा घेतल्या, नऊ पोती. प्लेट तव्यावर पालथी तापवून ठोकली की भाग गळून पडतात आणि जोडांचा पांढरा धातू थेंब थेंब खाली जमतो. तांबं नागपूरच्या व्यापाऱ्याकडे जातं. पांढऱ्या धातूच्या मी कांड्या ओतून ठेवल्या होत्या. दिसायला थेट कथील, आणि वितळतो त्याहून लवकर. विहाराला द्यावं असं माझ्याकडे दुसरं काय होतं? आमच्या समितीचे अध्यक्ष अण्णाजी गंजात डोकावून म्हणाले की आता दाढीला आरसा नको. संध्याकाळी समितीची बैठक झाली, तीत मलाही समितीवर घेतलं.

आईचा जो गंज तू माझ्याकडे दिला होतास, त्यालाही कल्हई केली आहे. शेजारचा चंद्रभान उद्या देवळीला येतो आहे, त्याच्या हाती गंज आणि हे पत्र पाठवतो. त्याच्या मुलीचं लग्न जमलं आहे, येत्या रविवारी साक्षगंध. विहारातला एक गंज त्याने आधीच मागून ठेवला.

माझी आठवण काढून त्यात भात टाक, म्हणजे मी जेवल्यासारखंच आहे.

तुझा धाकटा,
चिंधू

*

देवळी,
ता. ३० मार्च १९९९

चि. चिंधूले,
ताईचा जयभीम आन् आशीर्वाद.

मी बोलून राह्यली आन् सूनबाई जागृती लिहून राह्यली. तिले सांगून ठेवलं का एकही शब्द सुधरवू नोको.

गंज भेटला. असा चकाकला का मी पदरानं झाकून आणला, शेजारणीची नजर नोको म्हणून. मंग विवेक शाळेतून आला. माया पोरगा शाळेत पोरायले रसायन शिकवते, आन् घरी आला का मले. त्यानं विचारलं, मामानं कथील कुठून आणलं. मी तुयं पत्र त्याच्या हाती देल्लं. वाचता वाचता त्याचं तोंड उतरलं.

तो म्हणते का त्या जोडाच्या धातूत शिसं असते, थोडंथिडकं नाई, चांगलं निम्म्याच्या आसपास. कल्हईतून ते अन्नात उतरते, आंबट असलं त जास्तच. एका जेवणानं कोणी पडत नाई. पण घडी घडी पोटात गेलं का लहान पोरायच्या डोक्यावर परिणाम होते, आन् बाहेरून काईच दिसत नाई. घासून सारं निघंल याचाही भरवसा नाई म्हणते. आईचा गंज मी माळ्यावर टाकला.

आन् तो धूर तू काऊन घेऊन राह्यला बाबू? सुमित्राले आधीच खोकला. बायकोची दवा आणतं आन् चुलीवर बिमारी शिजवतं, असा कसा तू?

लोकायले लवकर सांगजो. रागावली आहो, पण तुयीच आहो.

तुयी ताई,
पंचफुला

*

सिंदी मेघे,
ता. २ एप्रिल १९९९

आदरणीय ताईस,
चिंधूचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रविवारी चंद्रभानकडे विहाराच्या त्याच कल्हईच्या गंजात कढी झाली. मी स्वतः वाढायला होतो, आणि पोरांना मीच आग्रह केला.

तवा उचलून ठेवला आहे. सुमित्रा म्हणाली की तिचं इतकी वर्षं ऐकलं नाही आणि भाच्याचं एका पत्रात ऐकलं.

गंजांचं मात्र मी असं योजतो आहे. दुकानातून चांगलं कथील आणावं, गंज वाळूने घासावेत आणि जयंतीआधी पुन्हा कल्हई करावी, कोणाला न सांगता. भंगारवाल्याला लोक एकदा नाव ठेवतात, मग ते पुसलं जात नाही. वीस वर्षांनी कुठे मला त्यांनी आपल्यात बसवलं आहे. तीनदा घासलं तर चालेल का, एवढं विवेकला विचारून कळव.

उत्तर कडू असलं तरी पाठव.

तुझा,
चिंधू

*

देवळी,
ता. ५ एप्रिल १९९९

चि. चिंधूले,
ताईचा जयभीम आन् आशीर्वाद.

विवेक म्हणते, तीनदा घास नाई त तेरादा, मी हमी देत नाई. पण त्याले कायले विचारतं? रोज पहाटे पंचशील म्हणतं नं तू? त्यातलं चवथं शील, खोटं न बोलाचं, ते का फक्त शेजाऱ्यासाठी आहे?

तू लहान असताना मास्तरची घड्याळ तुया हातून फुटलती. मी म्हटलं, गप राह्य. तू जाऊन सांगून आलता, मार खाल्ला, आन् घरी येऊन पोटभर जेवला. गप राहून तुले अन्न जात नाई, हे तुया बायकोच्या आधीपासून मले ठाऊक आहे.

सांगून मंगच देवळीले येजो. न सांगता आला त उंबऱ्यावरूनच पाणी पाजीन.

तुयी ताई,
पंचफुला

*

सिंदी मेघे,
ता. १२ एप्रिल १९९९

आदरणीय ताईस,
चिंधूचा सविनय जयभीम. वि. वि.

काल वंदना संपल्यावर लोक उठायच्या आत मी उभा राहिलो. प्लेटा, तवा, कांड्या, शिसं, सगळं क्रमाने सांगितलं. आठ-दहा दिवसांपासून मला हे माहीत आहे, हेही सांगितलं. तेच सांगायला सर्वांत जड गेलं.

चंद्रभानने विचारलं, म्हणजे माझ्या व्याह्यांना तू शिसं पाजलंस? मी हो म्हणालो. तो म्हणाला, तरीच त्यांनी हुंड्यासाठी तोंड उघडलं नाही. लोक हसले, तो हसला नाही. त्याचा लहान नातूही ती कढी प्यायला होता; त्याला घेऊन आम्ही दोघं आज सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि काळजीचं दिसत नाही म्हणाले. येताना चंद्रभान बसमध्ये माझ्याशेजारी बसला.

समितीतून माझं नाव काढा, असंही मी म्हणालो. अण्णाजींनी ते वहीत लिहून घेतलं. काढलं की ठेवलं, मी विचारलं नाही. जयंतीसाठी मंडपवाल्याकडून ॲल्युमिनियमचे गंज आणले आहेत. राहिलेल्या प्लेटा यापुढे तापवायच्या नाहीत, तशाच नागपूरला विकायच्या.

मग गंजांचा प्रश्न आला. दीक्षेनंतरच्या वर्षी बायकांनी घरोघरची भांडी मोडीत घालून ते घेतले होते. एकावर अण्णाजींच्या आईचं नाव कोरलेलं आहे. नुसते पाण्याला ठेवू, असं बहुतेकांचं मत पडलं. मी म्हणालो, आपण आहोत तोवर ते पाण्याचे राहतील; पुढे ज्याला ठाऊक नाही तो एखाद्या लग्नात चुलीवर चढवील. तेव्हा अण्णाजी उठले आणि आईच्या नावाचा गंज स्वतः आडवा धरून बसले. मी घरून छिन्नी-हातोडा आणला. तिन्हींच्या बुडाला पंजा आरपार जाईल एवढं भोक पाडलं.

आहे तसाच तुझा,
चिंधू