वखारीचं दार

आई, निपाणीची तुझी तंबाखूची वखार पाडली म्हणे. ओळखीतले एक जण सकाळी सांगून गेले, तेव्हापासून हा कागद पुढ्यात घेऊन बसलोय. त्या वखारीत तुम्ही बायका तंबाखू चाळायच्या. वाऱ्यानं भुकटी उडून जाऊ नये म्हणून मालक दार-खिडक्या लावून घ्यायचा, आणि ती सगळी तुमच्या छातीत जायची. घरी येऊन तू चुलीपुढं बसायचीस. भाकरी थापताना खोकला आला की तोंड तेवढं फिरवायचीस, हात थांबायचा नाही. त्या भाकरीवर मी शिकलो, मास्तर झालो.

इंग्रजांच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मुंबईच्या कायदेमंडळात दुकानांतल्या नोकरांसाठी कायदा यायचा होता. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती. मसुदा तपासणारी कमिटी लोकांचं म्हणणं ऐकायला बेळगावला येणार होती. वखार म्हणजे ना धड दुकान, ना कारखाना. त्यामुळं तुम्ही त्या कायद्यात येणार की बाहेर राहणार, हाच घोर होता. बायकांनी तुला पुढं केलं आणि निवेदन लिहिलं मी. माझं डोकं शाळेतल्या कवितांनी भरलेलं. ‘काळोखाच्या कुशीत कोमेजणाऱ्या आम्ही कळ्या’ अशी सुरुवात केली आणि तुझ्याकडून घोकून घेतली.

‘मी कळी?’ तू हसलीस. ‘पन्नाशीला आलो की रं मी. बायका हसून मरतील.’ तरी माझ्यासाठी पाठ केलंस.

कमिटीपुढं तू ‘काळोखाच्या’ एवढंच म्हणालीस आणि थांबलीस. मी मागून पुढचे शब्द पुटपुटत होतो. एका साहेबांनी विचारलं, ‘बाई, तुमची वखार दुकान आहे की कारखाना?’

‘ते तुमी ठरवा. आमी आत गेलो की भाईरनं कडी घालत्यात, एवढं मला ठावं हाय.’ मग कमरेला खोचलेलं, तोंडाला बांधायचं फडकं काढून तू टेबलावर झटकलंस. साहेब शिंकले, शेजारचे शिंकले, कारकुनाच्या हातातला टाक निसटला. ‘एका फडक्यानं ही गत. आमी दिसभर त्यातच असतो न्हवं? दुपारचं अर्धा तास दार उघडा. ल्हान पोरांच्या आया हात धुऊन पाजतील. दुसरं काय न्हाय.’

बाहेर येऊन म्हणालीस, ‘तुझी कविता इसरलो रं. रागवू नगंस.’ मी काय रागावणार! पुढं इतकी वर्षं मुलांना कविता शिकवली, पण वर्गात खडू हातात घेतला की कानात तुझंच बोलणं असायचं. मला भाषा दिलीस ती तू, आई.

कायदा झाला. संध्याकाळी पेपर माझ्यापुढं टाकून म्हणालीस, ‘वाच.’ मी वाचत गेलो, तुझे डोळे माझ्या ओठांवर. शेवटी वाचलं, ‘तंबाखूच्या वखारींनी दुपारी अर्धा तास दार उघडं ठेवावं.’ तू पदरानं डोळे पुसलेस. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना घेऊन मालकापुढं उभी: ‘सरकारचा कायदा आलाय. आमच्या मास्तरनं वाचलाय. काढा कडी.’ मालक कुरकुरला, पण कायदा त्यानं तरी कुठं वाचला होता? कडी निघाली. दुपारी मी शाळेतून येतोय, तुम्ही भिंतीच्या सावलीला बसलाय, कुणी पोर पाजतंय, कुणी कुणाची चेष्टा करतंय, आणि मी मान खाली घालून भराभर पुढं निघून जातोय. मालकानं कुणाला विचारलं, तर पहिली तूच घरी बसणार होतीस. त्यानं विचारलं नाही. तू होतीस तोवर दुपारची ती कडी पुन्हा लागली नाही.

आई, पेपरात तसं काही नव्हतं. वखारी वगळल्या होत्या. तुझ्या तोंडाकडं बघून ती ओळ मीच आत घातली. तेव्हा सांगितलं नाही, आणि आताही हा कागद घडी घालून वहीतच ठेवणार आहे. एकदा तू म्हणाली होतीस, ‘मलाबी दोन अक्षरं शिकव की रं, मास्तर.’ वेळ नाही म्हणालो. वेळ होता, आई. तू पेपर वाचशील, ही भीती होती.