तात्यानं मोटर बंद केली

शेळगाव, मंगळवार, दिवेलागण

उद्या बारामतीत माझे जुने विद्यार्थी माझा सत्कार करणार, आणि मला व्हायोला वाजवायचाय. व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ, हे अजून लोकांना सांगावं लागतं. जन्म गेला माझा तो वाजवण्यात आणि शिकवण्यात.

आज भावाच्या, तात्याच्या विहिरीवर सरावाला बसले. या आठवड्यात लाइट दिवसाची, तीही मोजके तास, म्हणून तो मिनिटभरही मोटर थांबवत नाही. तिची घुमघुम माझ्या खालच्या तारेशी अगदी जुळलेली. ऊन पिवळं, ऊस डुलतोय, मी डोळे मिटलेले. एक सूर चुकला नाही.

तात्या उसाला पाण्याची दारं धरून चिखलाच्या पायांनी आला. म्हणाला, "सुमे, मोटर नुसती फिरतीया. पाणी न्हाय ओढत."

"मग बंद कर की."

"ही ओढतीया गं. तुझ्या वाजवण्याचं म्हणतोय."

असा राग आला! याला सुरातलं काय कळतं? पण मोटरच्या आवाजावरून विहिरीचं पाणी ओळखणारा कान त्याचा. आणि खरं लिहू? वाजवताना मी उद्याची साडी ठरवत होते. पोरांना याच गोष्टीसाठी किती रागावले असेन मी.

पुन्हा वाजवलं. साडी नाही, सत्कार नाही. मोटरची घुमघुम, तिच्यात मिसळलेली माझी तार, बस्स.

लाइट जायला अजून तास होता. तात्यानं जाऊन मोटर बंद केली आणि बांधावर येऊन बसला.