सर्व्हरची दिवाळीतली साफसफाई

बेसा, नागपूर
धनत्रयोदशी

तीर्थस्वरूप मारोतराव भाऊजींच्या चरणी बळीरामचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच मानून घ्यावा.)

तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? इंदुताई सांगत होती की तुम्ही हल्ली सकाळी फिरायला निघता आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरून परत येता. तब्येत सुधारत असल्याचं हे लक्षण मानतो. इकडे नंदिनी ठीक, चकल्या ठीक (पहिला घाणा सोडून), मी सोडून सगळंच ठीक. फोन असताना हा पत्राचा घोळ काहून, असं तुम्ही विचाराल. तर भाऊजी, तुमचा फोन ताई उचलते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला कळलेली गोष्ट पुन्हा वर्तमानपत्रात द्यायची गरज उरत नाही. आमचे शेजारी उद्या सासुरवाडीला अमरावतीला जाऊन राहिले, त्यांच्या हाती हे पाकीट देतो. ते तुम्ही संडासात नेऊन वाचावं, ही नम्र विनंती.

तुम्ही विद्यापीठाच्या संगणक केंद्रातून निवृत्त झालात तेव्हा मी भाषणात म्हटलं होतं की तुम्ही बसवलेला सर्व्हर म्हणजे विद्यापीठाचं गोदाम आहे, सगळ्या विभागांचं सामान एका जागी आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे. (ते तुम्हीच लिहून दिलं होतं, मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.) आजवर त्या गोदामात मी विभागातल्या संगणकावरूनच जायचो, म्हणजे आमच्याकडे शिकवणारी अस्मिता उघडून द्यायची आणि मी मान डोलवायचो. पण यंदा आमच्या विभागप्रमुख शोभाताईंनी फर्मान काढलं की जागा संपत आली आहे, दिवाळीआधी प्रत्येकानं सर्व्हरवरचा आपापला पसारा आवरावा. म्हटलं, घरूनच आवरू. घरी संगणक आहे, इंटरनेट आहे, मला डॉक्टरेटही आहे.

संगणक केंद्रातला तुमचा चेला ओमप्रकाश फोनवर मार्गदर्शनाला होता. त्यानं सांगितलं की घरून यायचं तर आधी विद्यापीठाच्या बोगद्यातून यावं लागते. तो बोगदा (त्याला व्हीपीएन म्हणतात, आणि ते एक हिरवं बटण असतं) मी दाबला. मग म्हणाला, पत्ता टाका, सुरुवातीला दोन उलट्या रेघा. मी टाकल्या. 'सुलट्या टाकल्या नं सर तुम्ही!' आता कोणाच्या हिशेबानं उलट्या? भूगोलाच्या माणसाला पूर्व-पश्चिम सांगा, उलटं-सुलटं काय सांगता! शेवटी त्यानं विचारलं, 'सर, डोकं डावीकडे टाकून पडलेला डंडा दिसून राहिला का?' दिसला. मग नावाआधी विभागाचं नाव, मग पासवर्ड, आणि मग गोदामाला घरच्या संगणकावर एक अक्षर द्यायचं. त्यानं झेड द्यायला लावलं. आणि काय सांगू भाऊजी, सी आणि डी यांच्या खाली झेड असा येऊन बसला, जसा पंगतीत उशिरा आलेला जावई. (तुम्ही नव्हे.)

आत पाहतो तर शोभाताईंच्या पुतणीचं लग्न, मेहंदीपासून पाठवणीपर्यंत. बदली होऊन गेलेल्या शिपायाचे रजेचे अर्ज. माझी स्वागताची भाषणं, सगळी एकच, फक्त पाहुणा वेगळा. तरी माझं डोकं शांत होतं, कारण दिवाळीची साफसफाई मला आईनं शिकवली आहे. नुसते कोपरे झाडायचे नाहीत. आधी सगळं सामान अंगणात काढायचं, खोली मोकळी करायची, मग एकेक वस्तू पुसून जागेवर लावायची. तसंच केलं. सगळं निवडलं, कट केलं, आणि घरच्या संगणकात आणून टाकलं. माझं एकट्याचं नव्हे, अख्ख्या भूगोल विभागाचं. (आपल्यापुरतं झाडून शेजारच्याचा कचरा तसाच ठेवणं आमच्यात बसत नाही.) अख्खी दुपार गेली. पण ते मोकळं फोल्डर पाहून असा जीव थंड झाला! रिकामं घर देवाशिवाय ठेवू नये म्हणून तिथं गणपतीचं एक चित्र ठेवलं आणि चहाला उठलो.

चहा घेऊन आलो तर झेडवर लाल फुली. तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे, नव्यासाठी केंद्रात प्रत्यक्ष यावे. आणि केंद्र उघडणार भाऊबीज होऊन गेल्यावर. म्हणजे सामान अंगणात आणि घराला कुलूप! ओमप्रकाशला फोन केला. 'देतो नं सर नवीन पासवर्ड, पण सुट्टीत कायले पाहिजे?' त्याच्या आवाजातला तो 'कायले' ऐकला आणि मी त्याला सहकुटुंब दिवाळीच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, बॅकअप असेल. होता. जाताना तुम्ही आमच्या विभागात त्याचं यंत्र लावून गेला होतात. पण मे महिन्यात आमच्या विभागाच्या कूलरला प्लग पाहिजे होता, आणि नागपूरच्या मे महिन्यात बॅकअप आणि कूलर यांत कोण निवडून येणार हे सांगायला नको. ते यंत्र आता दाराला अडसर म्हणून चांगलं काम देते.

दुसऱ्याच दिवशी बोभाटा झाला. शोभाताईंनी फोल्डर उघडलं तर आत एकटा गणपती. तातडीची ऑनलाइन सभा भरली. कोणी म्हणालं परदेशी टोळी आहे, कोणी म्हणालं इतिहास विभागाचं काम आहे. एकानं तर चोर श्रद्धाळू असल्याचा मुद्दा मांडला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. मी एक शब्द बोललो नाही. त्यामुळे या प्रकरणाचं गांभीर्य फक्त मलाच कळलं आहे असा सगळ्यांचा समज झाला, आणि चौकशी समितीचा अध्यक्ष मला केलं.

इथवर हसायला हरकत नाही. पण रडायचं काम अस्मिताचं झालं. पोरगी वर्षानुवर्षं कंत्राटावर शिकवते. सक्करदऱ्याच्या तलावापासून शहरातल्या एकेका तळ्याचे तिनं उन्हातान्हात मोजून नकाशे केले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एका कॉलेजात कायम जागेची तिची मुलाखत आहे, आणि तिथं हेच नकाशे दाखवायचे आहेत. विभागाची माहिती घरच्या लॅपटॉपवर ठेवू नये, असा शोभाताईंचा हुकूम आहे; तो पाळणारी विभागात ही एकटीच. तिचा फोन आला. 'सर, माह्ये सगळे नकाशे गेले जी. मुलाखतीत काय हात हालवत जाऊ? तुम्ही अध्यक्ष आहा, पाहा नं काही!' मी म्हटलं, पाहून राहिलो. खोटं नव्हतं, बोलताना तिची तळी माझ्या समोरच उघडी होती.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार सांगा, पण कशाबद्दल ते सांगू नका.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
बळीराम

ता. क. एक क्षुल्लक काम होतं. ओमप्रकाश जगात फक्त तुमचं ऐकतो. त्याला सांगावं की बळीरामला काही न विचारता नवीन पासवर्ड दे. मी सामान गुपचूप जागेवर लावतो, आणि समितीच्या अथक प्रयत्नांमुळे ते परत मिळालं असा अहवाल देतो. पण मुलाखतीच्या आत.

ता. क. आणखी एक. नकाशे पेनड्राइव्हवर घालून पोरीला सरळ नेऊन दे, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण ते अध्यक्षाकडे कुठून आले, असा प्रश्न समिती विचारणार आणि उत्तरही अध्यक्षालाच द्यावं लागणार. तरी काल तिच्या घराच्या दिशेनं स्कूटर काढली होती. सक्करदऱ्याच्या रस्त्याला फारच खड्डे आहेत, परत आलो.

ता. क. मारोतराव आणि इंदुताईंना नंदिनीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं, पण यांच्या संगणकावर अस्मिताची तळी दिसली तेव्हाच मले सगळं कळलं होतं. हे सकाळपासून पत्रच लिहून राहिले, तेवढ्यात मी अस्मिताचे नकाशे पेनड्राइव्हवर घेतले (कॉपी केले, कट नाही) आणि नेऊन दिले. रस्त्याला एकही खड्डा नाही, नवाच झाला आहे. पोरीनं तिथंच उघडून पाहिलं, सगळी तळी आहेत. रडली, मग हसली, मग मले चहा पाजला. 'वैनी, सरांनी पाठवले का?' म्हणे. मी म्हटलं, नाही वं, सर अजून चौकशी करून राहिले. इंदुताईंना फोनवर सगळं सांगितलंच आहे. मुलाखत झाली की अस्मिता घरी येऊन बाकीचं सामान तिच्या पासवर्डनं जागेवर लावून देते म्हणाली. तरी तुम्ही ओमप्रकाशभाऊंना फोन कराच. म्हणा, यांना नवीन पासवर्ड देऊ नका.