बाकीच्या विंडो लपतात

मंगळवार, संध्याकाळ. कुसगाव.

महिनाभर यांची एकच कुरकुर. "अगं, एक विंडो सरकवायला गेलं की बाकीच्या सगळ्या गायब होतात. कॉम्प्युटर बिघडलाय." बंगल्यांचे नकाशे काढणारा माणूस, सगळं काम त्यावरच. आज मीच बसले. माझ्या हातून एकही विंडो गायब होईना. मग इंटरनेटवर शोधलं, तर बिघाड नव्हताच. विंडो धरून गदागदा हलवली की बाकीच्या आपोआप लपतात, अशी सोयच आहे म्हणे.

गदागदा? हे तर कपसुद्धा आवाज न करता ठेवतात. म्हटलं, "जरा सरकवून दाखवा ना." स्क्रीन सोडून मी माऊसवरच्या हाताकडे बघत राहिले. हात थरथरत होता. इतके दिवस मला कसा दिसला नाही हा हात?

आत खोल दडलेलं ते सेटिंग शोधून बंद केलं. "झालं दुरुस्त," एवढंच म्हटलं. आवाज नेहमीसारखा निघाला असावा. माहीत नाही.

यांनी माऊस हळूच बाजूला सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते सेटिंग मला ठाऊक होतं गं. हाताचं तुला तोंडाने सांगवेना."