बाबांचा हात आणि माझा नवा बास

मांगेरे, ऑकलंड
१४ सप्टेंबर

प्रिय मलाकीदादा,

तलोफा. बाबा आणि मी बरे आहोत. पर्थला तूही बरा असशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझ्या नव्या बास गिटारचं काम जोरात चाललंय. रूथ पेनफोल्ड नावाची बाई तो माझ्यासाठी हाताने घडवतेय. लाकूड ठरलं, दांडा ठरला. अडलं होतं पिकअपपाशी. शुक्रवारी रेगे संगीताचा बँड, शनिवारी कुणाचं तरी लग्न, रविवारी आपल्या सामोअन चर्चमधला गायनवृंद, असं माझं चालतं, आणि तिन्हीकडे हाच बास वाजला पाहिजे. तारांखालची ती चुंबकं चुकली, तर लाकूड कितीही देखणं असो, उपयोग काय?

म्हणून परवा रूथकडे गेले. बाबांनाही नेलं. हल्ली त्यांना घरी एकटं ठेवत नाही.

रूथने एका जुन्या बासवर पिकअपच्या वेगवेगळ्या जोड्या आळीपाळीने बसवून दिल्या. पहिली दमदार. खिडक्या थरथरल्या. बाबा उठले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकून उभे राहिले.

"जेवून सुस्तावलाय हा," म्हणाले. "सगळे सूर एकात एक."

मला हसू आलं, पण खरं होतं ते.

दुसरी जोडी स्वच्छ बोलायची, पण हात थांबला की माशीसारखी गुणगुणायची. ऐन प्रार्थनेत ती गुणगुण? पाद्र्यांनी मला बाससकट बाहेर काढलं असतं.

तिसऱ्या जोडीत मधे दोन तुकड्यांचं पिकअप होतं, गोल आवाजाचं आणि अजिबात न गुणगुणणारं. मागे, तारा बांधतात तिथे, दुसरं. खटका दाबला की त्याचा आवाज पातळ, धारदार होतो. मी आधी मधलं एकटंच वाजवलं. बाबांनी डोळे मिटले.

"हेच! मागचं काढून टाक. ते हाताला लागतच नाही."

"मागचं राहणार," मी म्हटलं. "लग्नात ड्रम आणि कीबोर्डच्या गर्दीत त्याच्याशिवाय बास हरवतो."

बाबा नुसते बघत राहिले. मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. रूथ गोंधळली. "त्यांना पटलं नाही का?"

बाबा तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "बाई, मला ऐकू येत नाही. पोरगी म्हणते तेच बसव. ज्यांना ऐकू येतं, त्यांच्यासाठी वाजवायचंय तिला."

दादा, आपल्या दोघांच्या हातात ज्यांनी बास दिला, त्या माणसाने हे घरात एकदाही उच्चारलेलं नाही. आणि मलाही कुणाला सांगू दिलं नाही.

मी तिसरी जोडी सांगितली आणि निघाले. वाटेत गाडी कडेला घेतली, त्यांच्याकडे तोंड केलं. "मलाकीपासून का लपवता? तुम्ही फोनवर गप्प बसता. त्याला वाटतं, तो ऑस्ट्रेलियाला गेला याचा राग तुम्ही अजून धरलाय."

"वाटू दे. रागीट बाप चालतो. बहिरा बासवाला म्हणजे हसण्याचा विषय."

"मी कळवणार आहे त्याला."

ते खिडकीबाहेर बघू लागले. नाही म्हणाले नाहीत. त्यांना कळलंच नसेल असं समजू नकोस. माझे ओठ त्यांना नीट दिसत होते.

तेव्हा आता फोन करू नकोस. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये मुलांचा सण, व्हाइट संडे; त्या दिवशी मी नवा बास वाजवणार आहे, दोन्ही पिकअपसकट. ये. बाबांच्या समोर बस, सावकाश बोल, ओरडू नकोस, तोंडावर हात नेऊ नकोस. तुला जे विचारायचंय ते त्यांनाच विचार. ते उत्तर देतील.

तुझी वाट बघतोय असं ते स्वतः कधी म्हणायचे नाहीत, म्हणून त्यांच्याही वतीने सही करते,

तुझी,
लोसा