लपवलेल्या चपला

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरची अक्षरं आता बोटानं चाचपून वाचावी लागतात. वाचते मात्र मी. तुम्ही शिकवलं म्हणून वाचते. रझाकारांच्या धामधुमीत मी उर्दूची पहिली यत्ता करत होते, पोलीस ॲक्शन झाली, गावच्या शाळेत मराठी आली, आन् बापानं म्हटलं, आता पुन्हा पहिलीपासून कशाला, शेळ्या कोण बघंल. तवापासून अक्षराशी माझं वैरच होतं. नवऱ्यानं टाकल्यावर कडेवरचं पोर घेऊन शहरात आले आन् बेगमपुऱ्यात तुमच्या दारात उभी राहिले ती पोळ्या लाटायचं काम मागायला. तुम्ही विचारलं, ‘किती माणसांचा स्वयंपाक झेपेल?’ मी म्हटलं, ‘भांडं मोठं असंल तर लग्नाचाबी झेपंल.’ तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, ‘रविवारी तीस-पस्तीस येतील. विद्यापीठाची मुलं आहेत. सोमवारपर्यंत उपाशी राहतात.’

ते मला पुढं कळलं. रविवारी सांजचं वसतिगृहाचं जेवण बंद. पैसेवाली पोरं गुलमंडीच्या खानावळीत जायची, बाकीची पाणी पिऊन झोपायची. तुम्ही आठवडाभर मुलींच्या शाळेत शिकवायच्या आन् रविवारी पाच वाजता भाड्याच्या घराचा पुढचा हॉल उघडायच्या. सतरंज्या, एक पेटी, गीतांची जाड पुस्तकं. आधी जेवण, मग प्रार्थना. मी आल्या आल्याच म्हटलं होतं, ‘बाई, उलटं करा. आधी देव, मग पान. नायतर पोट भरलं की कोण थांबतंय?’ तुम्ही म्हणालात, ‘थांबायचं नसेल त्यानं जावं.’ आन् जायचीच की निम्मी! येसराची आमटी भुरकून, हात धुऊन, ‘मावशी, लई भारी’ म्हणून पसार. मला राग यायचा. मी काय तुमच्या देवाची नव्हते, खंडोबाची होते आन् अजून आहे, तुम्ही कधी एका शब्दानं दुसरं काही म्हटलं नाहीत. पण ज्याचं खावं त्याच्या देवाकडं पाठ करून जावं, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

त्यातली एक चितेगावची होती. शेतकऱ्याची पोर, एमएला होती, अंगानं काडी आन् जीभ माझ्यासारखी. ती कधी ‘भारी’ म्हणायची नाय. ‘मावशी, आज मीठ झोपलं होतं का?’ असं विचारायची. जेवायची पोटभर आन् पेटीचा पहिला सूर निघाला की उठायची. एकदा मी दारातच गाठली. ‘काय गं, भाकरी गोड लागती आन् गाणं कडू लागतं?’ ती म्हणते, ‘मावशी, तुम्ही तरी कुठं डोळे मिटता? दारात उभ्या राहून कुणी किती खाल्लं ते मोजता.’ खरं होतं. खरं बोललेलं मला कधी सोसलं नाय.

पुढच्या रविवारी ती जेवत असताना मी तिच्या चपला उचलल्या आन् आत रॉकेलच्या डब्यामागं टाकल्या. म्हटलं, बसंल झक मारत. पेटी वाजली, ती उठली, व्हरांड्यात आली, चपला शोधल्या. माझ्याकडं बघितलं. मी भांडं घासतेय. वैशाखातलं ऊन, रस्ता अजून तापलेला, आन् ती पोरगी तशीच अनवाणी निघाली. मी खिडकीतून बघते तर ती फाटकापाशी एका पायावर उभी राहून दुसरा तळवा पोटरीला घासतेय. पण मागं वळली नाय.

तुम्हाला डबा हलवताना चपला सापडल्या. मी कबूल केलं. तुम्ही ओरडला असता तर मीबी ओरडले असते, तेवढी तयारी होती. तुम्ही जमिनीवर बसलात, चपला मांडीवर घेतल्या. म्हणालात, ‘आमचा प्रभू दुसऱ्यांचे पाय धुवत होता. आणि त्याच्या नावाच्या घरातून तू पोरीला पाय भाजत पाठवलंस.’ मग म्हणालात, ‘तिनं वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना सांगितलं, तर उद्यापासून एकही मुलगी इथं येणार नाही. इथं पोरी बाटवतात असं आधीच बोलतात लोक. आता त्यांना पुरावा मिळाला. जा, उद्या तिला चपला दे आणि क्षमा माग.’ इतक्या वर्षांचं सगळं माझ्यामुळं एका जोड चपलेवर येऊन ठेपलं होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा भ्या वाटलं, नोकरीचं नाय, त्या हॉलचं.

सोमवारी मी मुलींच्या वसतिगृहात गेले. रेक्टरबाई समोरच खुर्ची टाकून बसलेल्या. पोरीला बोलावलं. ती लंगडत आली. रेक्टरबाईंनी विचारलं, ‘ह्या चपला यांच्याकडं कशा?’ पोरगी म्हणते, ‘पट्टा तुटला होता, मॅडम. मावशींच्या ओळखीचा चांभार आहे, त्यांना दिल्या होत्या.’ एवढं सराईत खोटं मी तोवर ऐकलं नव्हतं. रेक्टरबाई परत वहीत बघायला लागल्या. हॉल वाचला, बाई, तो तिथं वाचला. तुमच्या प्रार्थनेनं की त्या पोरीच्या खोट्यानं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ती रविवारी आली. जेवली. ‘मीठ जागं आहे आज,’ म्हणाली. पेटी वाजायच्या आधी मी व्हरांड्यात गेले आन् तिच्या चपला उचलून तोंडं रस्त्याकडं करून ठेवल्या, म्हणजे पाय घातला की चालू पडायचं. मग वाटलं, एकटीच्या कशाला. सगळ्याच तशा लावल्या. पुढं तुमचा हॉल बंद होईस्तोवर दर रविवारी लावल्या. थांबणाराच्याबी आन् जाणाराच्याबी. गंमत अशी की जायची वाट सोपी केल्यावर थांबणारी वाढली. ती मात्र एकदाही थांबली नाय, आन् तुम्ही तिला एकदाही वाढायचं कमी केलं नाय.

मला वाचायला शिकवलंत ते त्याच उन्हाळ्यात. गीतांच्या पुस्तकाचं मोठं अक्षर, आन् माझी मी वाचलेला पहिला शब्द ‘भाकर’. मी म्हटलं, ‘देवाकडं भाकर मागता व्हय? मग थापते कोण?’ तेव्हा हसलात, तोंडाला पदर लावून. आज नातवाच्या घरी बजाजनगरात औषधाच्या बाटलीवरचं मी स्वतः वाचते, नातसुनेला विचारत नाय. असल्या सुखाचे आभार कसे मानायचे, ते मात्र तुम्ही शिकवलं नाहीत.

काल ती आली होती. कॉलेजात शिकवून शिकवून निवृत्त झाली, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाली. उठायच्या आधी मी दारात गेले. वाकता येत नाय, म्हणून काठीच्या टोकानं तिच्या चपला सरळ केल्या. तिनं बघितलं. पाय घातले आन् निघाली.

आता जे सांगायला हा कागद घेतला ते. त्या सोमवारी वसतिगृहातून परत आल्यावर तुम्ही विचारलंत, ‘मागितलीस का क्षमा?’ मी म्हटलं, ‘व्हय, हात जोडून.’ नव्हती मागितली. चपला तिच्या पुढ्यात आदळल्या आन् म्हटलं, ‘रविवारी ये, आमटी चाखून सांगणारं दुसरं कुणी नाय.’ तेवढंच. आन् तुम्ही त्या रविवारी सगळ्यांदेखत प्रार्थनेत म्हणालात, या बहिणीला नम्र केलंस म्हणून, प्रभू, तुझे आभार. मी दारातून सगळ्यात मोठ्यांदा आमेन म्हटलं. काल पुन्हा संधी होती, शब्द दातापर्यंत आला, तिथंच राहिला.

हा कागद मी तुमच्या गीतांच्या पुस्तकात घालून ठेवते, टपाल तिकडं जात नाय. देवाला तर तवाच माहीत असंल. फसलात त्या एकट्या तुम्ही.